रुईला बोंडं का धरत नाहीत?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी दोन अटी घातल्या. भाषण गावाशी जोडलेलं असावं आणि जेवणाची वेळ टळू नये. दुसरी अट पाळायचा मी प्रयत्न करीन. पहिलीसाठी मला फार लांब जावं लागलं नाही. शाळेच्या मागच्या कुंपणापर्यंतच गेले.

मी 1985 च्या बॅचची. तेव्हा आपला जिल्हा भंडारा होता, गोंदिया जिल्हा व्हायला अजून चौदा वर्षं होती, आणि सौंदडच्या स्टेशनात यायची ती छोटी गाडी. वर्गांवर कवेलू होते. खाली बांबू आणि बल्ल्या. पावसात गळायचं, उन्हाळ्यात तापायचं, पण त्या छपराची आठवण आज मी दुसऱ्याच कारणासाठी काढणार आहे.

मागच्या कुंपणाला लागून रुईची झुडपं होती. एक नव्हे, रांगच होती, थेट सडकेपर्यंत. शनिवारी मारुतीला माळ घालायला आपण त्याच रांगेतली पानं तोडायचो आणि चिकाने हात चिकट करून घ्यायचो. चैत्रात बोंडं तडकली की आतल्या म्हाताऱ्या वाऱ्यावर निघायच्या आणि खिडकीतून थेट वर्गात यायच्या. एका दुपारी आपले विज्ञानाचे सर फळ्यावर फुलाची आकृती काढत होते. पुंकेसर, स्त्रीकेसर, रंगीत खडू, सगळं व्यवस्थित. तेवढ्यात पाच-सहा म्हाताऱ्या आत आल्या आणि मागचे दोन बाक त्यांच्यामागे धावले. सर रागावतील असं वाटलं. ते खडू ठेवून म्हणाले, "पकडता काय, मोजा. या झुडपाला किती फुलं येतात आणि किती बोंडं धरतात, ते मला सांगा."

सर आज समोर बसले आहेत. त्यांचं नाव घेतलं तर ते रागावतील, म्हणून घेत नाही.

आपण मोजलं. म्हणजे फुलं मोजायला सुरुवात केली आणि शेकड्यांत गेल्यावर भांडणं सुरू झाली, की हा घोस मोजला होता की नव्हता. बोंडं मात्र दोन्ही हातांच्या बोटांवर मावली. आपण सरांना तसं सांगितलं. सरांनी विचारलं, "मग बाकीच्या फुलांचं काय झालं?" कुणालाच येईना. मग सर म्हणाले, "मलाही माहीत नाही." शिक्षकाच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. पुढे बॉटनी घेतली, ती शिकवण्यात आयुष्य गेलं, पण मूळ तिथे आहे.

गेल्या वर्षी दिवाळीत गावी आले तेव्हा सहज मागे जाऊन पाहिलं. रुई आहे. रांग नाही, एकच झुडूप उरलं आहे, पण काय वाढलंय! माझ्या डोक्याच्या वर गेलंय आणि जांभळट फुलांनी लदबदलेलं. मात्र बोंड एकही नाही. वाळलेलं, तडकलेलं जुनं बोंडसुद्धा नाही. मी झुडपाखाली वाकून शोधत होते तर आपली एक मैत्रीण, जी गावातच आहे आणि आत्ता तिसऱ्या रांगेत हसते आहे, ती म्हणाली, "कायले शोधतेस वो? त्याले बोंडं येतच नाहीत आता. नुसतं फुलते."

नुसतं फुलते. या दोन शब्दांमागे मी वर्षभर लागले. त्याची ही हकीकत.

आधी रुईचं फूल बघू. ते आपल्या फळ्यावरच्या आकृतीसारखं अजिबात नाही. जास्वंदाच्या फुलाला बोट लावलं की पिवळी पूड लागते. रुईला कितीही चोळा, पूड लागत नाही, कारण तिच्याकडे सुटी पूड नसतेच. फुलाच्या मधोमध पाच कोनांचा चपटा माथा असतो, मुकुटासारखा. त्याच्या पाच कोपऱ्यांवर पाच काळपट ठिपके दिसतात, मोहरीच्या दाण्याहून लहान. प्रत्येक ठिपका म्हणजे एक चिमटा आहे, आणि त्या चिमट्याला पिवळसर अशा दोन पिशव्या टांगलेल्या असतात, खांद्यावरच्या कावडीसारख्या. परागकण सगळे त्या पिशव्यांत ठासून भरलेले. म्हणजे एका फुलात पाच कावडी, दहा पिशव्या, बस्स. जे द्यायचं ते ठोक, किरकोळ व्यवहार नाही.

घ्यायची जागाही तशीच अवघड. चिमट्याच्या खाली प्रत्येक कोपऱ्यात एक उभी, अरुंद फट असते. दुसऱ्या फुलाची पिशवी त्या फटीत नेमकी सरकली तरच आत पराग रुजतो. कावड उचलायची या फुलावरून आणि खोचायची त्या फुलाच्या फटीत. वाऱ्याला हे जमत नाही. मधमाशीला वजनाअभावी बरेचदा जमत नाही. लहान किडा तर फटीत पाय अडकून तिथेच मरतो, भिंगातून पाहिलं तर असे अडकलेले पाय दिसतात. हे काम जमतं ते भुंग्याला. आपला मोठा काळा भुंगा, उन्हात ज्याचे पंख निळे-जांभळे चमकतात तो. तो मधासाठी मुकुटावर बसतो, त्याचं वजन पडतं, पाय किंवा तोंडाचा एखादा भाग फटीत घसरतो, वर ओढताना चिमट्यात अडकतो, आणि जोर लावून सुटला की कावड त्याच्याबरोबर निघते. त्याला त्याचा पत्ताही नसतो.

आणखी एक गंमत सांगते, मग पुढे जाऊ. एका पिशवीत इतके परागकण असतात की एकच पिशवी बरोबर बसली तरी अख्खं बोंड बियांनी भरू शकतं. म्हणजे एका बोंडातून उडणाऱ्या म्हाताऱ्या बहुतेक वेळा एकाच आई-बापाच्या असतात. आपण ज्यांच्यामागे धावायचो त्या सगळ्या सख्ख्या बहिणी.

तर सरांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे मिळतं. शेकडो फुलं आणि मोजकी बोंडं हे रुईचं नेहमीचंच आहे. बहुतेक फुलांपर्यंत योग्य पिशवी पोचतच नाही. शिवाय पोचली तरी सगळी बोंडं पोसायची झाडाची ऐपत नसते. बरीच फुलं वाया जाणार हे रुईने धरूनच ठेवलेलं आहे. पण कमी धरणं वेगळं आणि एकही न धरणं वेगळं.

माझा पहिला संशय भुंग्यावर गेला, म्हणजे भुंगा नसण्यावर. आता ते कवेलूचं छप्पर आठवा. हा भुंगा मोहोळ करत नाही. एकेकटी मादी वाळलेल्या लाकडात, बांबूत, वाशात गोल भोक पाडते. आत बोगदा करते, पराग आणि मधाचा गोळा ठेवते, त्यावर अंडं घालते, भुशाची भिंत बांधते, मग पुढची खोली. आपल्या वर्गात बांबूतून बारीक भुसा वहीवर पडायचा, आठवतं? आपण फुंकर मारायचो आणि सर म्हणायचे, वर बाळंतपण चालू आहे. आता शाळेवर स्लॅब आहे. चांगलंच झालं, पोरांच्या डोक्यावर पाणी पडत नाही. पण स्लॅबमध्ये भुंगा कुठे भोक पाडणार? मी मनाशी कथा पूर्ण केली. छप्पर गेलं, भुंगा गेला, बोंडं गेली. इतकी जुळलेली कथा होती की याच भाषणासाठी मी ती लिहूनही काढली होती.

मग म्हटलं, लिहिलं खरं, पण बघितलं कुठे? संक्रांतीच्या सुटीत परत आले. सकाळी आठला खुर्ची टाकून बसले. शाळेतली मुलं जमली, हेडसरांनी चहा पाठवला. आणि साडेआठच्या सुमाराला भुंगा आला. पाठोपाठ दुसरा. ऊन वाढलं तसे येत राहिले. कुठून येतात ते मुलांनीच दाखवलं. शेजारच्या वाडीत बांबूचं जुनं कुंपण आहे, त्यात भोकंच भोकं.

माझी कथा साडेआठलाच संपली.

तरीही भुंगा येतो म्हणजे काम करतो असं नाही. म्हणून फुलं खुडून भिंगाखाली धरली. पाच कोपऱ्यांवरचे काळे ठिपके शोधायचे. ठिपका जागेवर असेल तर कावड उचलली गेलेली नाही, ठिपका गायब असेल तर उचलली गेली. बहुतेक जुन्या फुलांत दोन-तीन तरी ठिपके गायब. मग सुईने फटी उघडल्या. बऱ्याच फटींत पिशव्या खोचलेल्या सापडल्या. म्हणजे टपाल निघत होतं आणि पोचतही होतं. पोस्टमनवर मी उगाच आळ घेतला होता.

मग चुकत कुठे होतं? उत्तर त्या एकाच झुडपात होतं, आणि ते एकच होतं यात होतं. रुईच्या कुळातली बहुतेक झाडं स्वतःचाच पराग मानत नाहीत. रुईच्या बाबतीतही अभ्यासकांना मुख्यतः हेच आढळलं आहे. शेजारच्या फांदीवरचं फूल चालत नाही, कारण फांदी वेगळी असली तरी झाड तेच. दुसऱ्या झाडाचा पराग लागतो. आता भुंग्याच्या जागी स्वतःला ठेवा. समोर फुलांनी भरलेलं मोठं झुडूप आहे. तो एका फुलावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जातो, पोट भरतो आणि घरी जातो. त्या झाडाच्या पिशव्या त्याच झाडाच्या फटींत. आणि फट एकदा भरली की ती अडते. चुकून लांबून एखादी परकी पिशवी आलीच तर तिला जागा नाही. म्हणजे हे झुडूप जितकं जास्त फुलेल तितकं स्वतःच्याच परागात अडकेल. मैत्रिणीचे दोन शब्द अगदी नेमके होते.

माझ्या आजीकडून ऐकलेलं सांगते. तिसरं लग्न करायचं झालं तर आधी पुरुषाचं लग्न रुईशी लावायची रीत होती, अर्कविवाह म्हणायचे. तिसरेपणाचा दोष रुईवर जावा म्हणून. इतक्या जणांचे दोष ज्या झाडाने घेतले, त्याला स्वतःला जोडीदार नाही, हे मला त्या दिवशी फार लागलं. हसा, पण लागलं.

रांग कुठे गेली ते तुम्हाला माहीत आहे. सडक रुंद झाली. पूर्वीचा 6 नंबर आता 53 नंबरचा हायवे आहे. सडक नको होती असं मी म्हणणार नाही. रात्री-अपरात्री पेशंट घेऊन साकोलीला किंवा नागपूरला जाणाऱ्याला विचारा. पण कडेची झुडपं गेली तेव्हा कुणी त्यांची नोंद घेतली नाही, कारण रुई हे काही 'झाड' नव्हे. झाड तोडायला परवानगी लागते, झुडूप साफ करतात.

आता कुणी म्हणेल, मॅडम, रुईचं काय एवढं? गुरं खात नाहीत, जळणाला धड नाही. ठीक. मग तुमच्या पोटाशी असलेल्या झुडपांचं सांगते.

तेंदू घ्या. मे महिन्यात पहाटे उठून आपल्यातल्या निम्म्या घरांनी तेंदूपत्ता तोडला आहे. 70 पानांचा एक पुडा बांधून बांधून आईची बोटं काळी झालेली मी पाहिली आहेत, आणि माझ्या कॉलेजची पहिली फी त्याच पुड्यांतून गेली. तेंदू मुळात वृक्ष आहे. चांगलं कोवळं पान मिळावं म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याला छाटतात आणि तो झुडूप होऊन राहतो. तेंदूत नर झाड वेगळं, मादी वेगळं. नराला फुलांचे झुबके, मादीला सुटी फुलं, आणि मधे किडे. पण दरवर्षी छाटलेलं झुडूप फुलण्याच्या वयालाच येत नाही. ते मुळांतून नवे फुटवे काढून पसरतं. टेंभरं खायला मिळतात ती जंगलात न छाटता उरलेल्या मोठ्या झाडांची. तेंदू संपला असं नाही, मुळं चिवट आहेत. पण डोंगरभर दिसणाऱ्या झुडपांत खरोखर वेगवेगळी किती आणि एकाच मुळाची किती, हा प्रश्न आपल्या रुईच्या प्रश्नाचा भाऊच आहे. ती मोठी टेंभराची झाडं, नर धरून, राखली पाहिजेत. नराला फळ नाही म्हणून त्याच्यावर कुऱ्हाड आधी पडते, ते तेवढं थांबवा.

धुऱ्यावरच्या बोराटीचंही असंच. भाद्रपद-आश्विनात तिला बारीक हिरवट-पिवळी फुलं येतात, ज्यांच्याकडे कुणी पाहत नाही. वास असा की माश्या येतात, साध्या घरमाश्यांच्या जातीतल्या, आणि गांधीलमाश्या. तेच तिचे वऱ्हाडी. बोरीचं फूल आधी नर असतं आणि काही तासांनी मादी होतं, दोन्ही एका वेळी नाही. काही झाडांची फुलं सकाळी उमलतात, काहींची दुपारकडे. बागाईतदार बोरांच्या बऱ्याच जातींना स्वतःच्या जातीचा पराग चालत नाही म्हणून मधे दुसऱ्या जातीची कलमं लावतात. आपल्या बांध्यांच्या धुऱ्यांवर हे काम फुकट होत होतं, कारण धुऱ्याधुऱ्यावर वेगळी बोर होती. धुरे जाळून साफ करायची पद्धत वाढली तशी बोर विरळ झाली. पोरांना बोरं मिळत नाहीत ही फक्त पोरांची तक्रार नाही.

आणि रायमुनिया! ती मात्र कशी फोफावते? ही परदेशी, अमेरिकेच्या उष्ण भागातली, इंग्रजांच्या काळात बागेची शोभा म्हणून आलेली. आज नवेगाव-नागझिऱ्याकडच्या जंगलात जाल तिथे आहे. तिचा संसार पाहण्यासारखा आहे. एका झुबक्यात पिवळी आणि लालसर फुलं शेजारी शेजारी असतात, ती दोन जातींची नाहीत. फूल पिवळं उमलतं आणि वय झालं की रंग बदलतं. ब्राझीलमध्ये राहणाऱ्या फ्रिट्झ म्युलर या जर्मन निसर्ग-अभ्यासकाने 1877 साली 'नेचर' मासिकात लिहिलं होतं की फूल तीन दिवस टिकतं, पहिल्या दिवशी पिवळं असतं आणि तिसऱ्या दिवशी जांभळं, आणि तिसऱ्या दिवसाच्या फुलाकडे फुलपाखरं फिरकत नाहीत. पुढे 1978 साली दिल्ली विद्यापीठातल्या गीता माथुर आणि एच. वाय. मोहन राम यांनी दाखवलं की इथे हे काम फुलकिडेही करतात, आणि त्यांचीही पसंती पिवळ्यालाच. म्हणजे जुनं फूल पाहुण्याला सांगतं, माझं झालंय, शेजारी जा. ते गळत नाही, कारण लांबून झुबका मोठा दिसायला ते हवंच असतं. फुलपाखरू असो वा डोळ्यांना न दिसणारा फुलकिडा, कुणीही चालतं. फळं बुलबुल खातात आणि बिया जंगलभर टाकतात. रुईने एका भुंग्यावर आणि शेजारणीवर भिस्त ठेवली, रायमुनियाने कुणावरच ठेवली नाही. सडकेकडेच्या मोकळ्या झालेल्या जागेत कोण येणार हे सांगायला बॉटनी लागत नाही.

इथे मला एका हेडमास्तरांची आठवण काढायची आहे. किडे फुलांवर येतात ते फुलांच्याच कामासाठी, हे नीट पाहून लिहिणारा माणूस होता क्रिस्टियान श्प्रेंगेल, जर्मनीत श्पांडाउ गावच्या शाळेचा मुख्याध्यापक. 1793 साली त्याचं पुस्तक आलं. लोकांनी दुर्लक्ष केलं, आणि फुलांच्या नादात शाळेकडे लक्ष नाही म्हणून त्याची हेडमास्तरकीही गेली. आपल्या सरांनी फळा अर्धवट सोडून आम्हाला बाहेर मोजायला पाठवलं, त्यांची नोकरी टिकली, हे आपलं भाग्य. नवेगावबांधच्या पाखरांना मारुती चितमपल्लींनी महाराष्ट्रभर पोचवलं. त्याच रानातल्या भुंग्यांना अजून कुणी भेटलेलं नाही. या शाळेतलं एखादं पोरगं भेटलं तर मला आनंद होईल.

आता शेवटचं, आणि मग जेवण.

झुडूप एकटं आहे म्हणून बोंडं नाहीत, हे मी म्हटलं खरं, पण एकदा कथा जुळवून फसले होते. म्हणून संक्रांतीच्या त्याच सुटीत तपासून पाहायचं ठरवलं. चुलबंदच्या काठावर अजून रुईची बरीच झुडपं आहेत. तिथली ताजी फुलं ओल्या फडक्यात आणली. शाळेच्या झुडपावरच्या कळ्यांना आदल्या दिवशी मलमलीच्या पिशव्या बांधल्या होत्या, भुंग्याला बंदी. उमलल्यावर काही फुलांच्या फटीत सुईने नदीवरची पिशवी खोचली आणि देठाला लाल दोरा बांधला. काहींत त्याच झुडपाची खोचली आणि पांढरा दोरा बांधला. सांगायला सोपं आहे. साठीजवळच्या डोळ्यांनी करायला दोन दिवस लागले, आणि अर्ध्या फुलांचा मी सुईने सत्यानाश केला. सातवीतल्या दोन मुली माझ्यापेक्षा सफाईने करत होत्या.

पांढऱ्या दोऱ्याची सगळी फुलं गळाली. लाल दोऱ्याचीही बहुतेक गळाली. पण दोन बोंडं धरली. त्या मुलींनी फोटो पाठवला तेव्हा मी बाजारात होते, तिथेच ओट्यावर बसले. दोन बोंडांवर शोधनिबंध होत नाही हे मला कळतं. मी इतकी वर्षं विद्यार्थ्यांना तेच सांगत आले. पण कित्येक वर्षांनी त्या झुडपाला बोंडं धरली एवढं खरं. एप्रिलमध्ये ती तडकली, काही म्हाताऱ्या पोरांनी पकडल्या, काही स्लॅबवरून उडून गेल्या, आणि मला मिळालेल्या बिया मृगात पिशव्यांत लावल्या. नदीवरच्या बोंडांच्याही लावल्या.

ती रोपं मागच्या टेबलावर ठेवली आहेत. लाल दोरा बांधलेली शाळेच्या झुडपाची लेकरं आहेत. ती शाळेजवळ लावू नका, आई-लेकराचं जमेल याची खात्री नाही. ती घरी न्या, धुऱ्यावर, वाडीच्या कोपऱ्यात, जिथे गुरं-पोरं फार जात नाहीत तिथे. दोरा नसलेली नदीवरची आहेत. त्यातली पाच मागच्या कुंपणाला लावायला हेडसरांनी परवानगी दिली आहे, खड्डे काल खणून झाले आहेत. पहिलं रोप सरांनी लावावं अशी विनंती आहे. त्या झुडपाची फांदी तोडून खोचू नका, फांदीतून येईल ते तेच झाड, पुन्हा तीच रड. आणि वाडीतलं बांबूचं जुनं कुंपण बदलायचं मालकांच्या मनात आहे असं ऐकलं. दादा, नवं तारेचं घाला, पण जुने बांबू जाळू नका, तिथेच एका बाजूला उभे करून ठेवा. भुंग्याला तेवढं पुरतं. त्याच्यामुळे तुमच्या वांग्यांचाही फायदाच आहे. वांग्याचा पराग टोकाच्या छिद्रातून पडतो, आणि तो झटकून पाडायला अंग थरथरवणारी माशी लागते. भुंग्याला ते येतं, मधमाशीला येत नाही.

रोपं उचलताना पान तुटलं तर चीक येईल. तो हात डोळ्यांना लावू नका, नळ डाव्या हाताला आहे. सर, चला, उन्हं चढायच्या आत लावून घेऊ.